मित्रदेशाच्या युद्धनौकेमुळे माणसं गेली, तर पुढे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन देशांमध्ये संरक्षण करार आहे, एकाच्या युद्धनौकेमुळे दुसऱ्याचे नागरिक समुद्रात मरतात, सरकारं काही दिवस रागावल्यासारखी वागतात, माफी मागायला कचरतात, कोणी तुरुंगात जात नाही आणि वर्ष-दोन वर्षांत सगळं थंड होतं. हे आधीच ठरलेलं नाटक असतं का?

नाटक नसतं. पण बाहेरून ते तसं का दिसतं, हे मला समजतं. शत्रूदेशाने असं काही केलं तर निर्बंध घालता येतात, राजदूत हाकलता येतो, प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात ओढता येतं. मित्राच्या बाबतीत यातलं बहुतेक काही हातात राहत नाही. फौजदारी खटल्याचा रस्ता बहुधा कायद्यानेच बंद असतो आणि निर्बंधांचा रस्ता करारामुळे. मग चारच गोष्टी उरतात: माहिती, शब्द, मृतदेह आणि पैसा. सगळा राजनैतिक तणाव या चार गोष्टींवर येऊन बसतो. यातली एक कमी पडली तर दुसरी जास्त देऊन ती भरून निघत नाही. मोठी रक्कम दिली म्हणून अर्धवट माफी चालत नाही आणि मनापासून माफी मागितली म्हणून लपवलेली माहिती माफ होत नाही. अशी प्रकरणं चिघळतात ती बहुतेक वेळा हे न कळल्यामुळे.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून असतं, हे आधीच सांगतो. घटना कुठे घडली: एखाद्या देशाच्या १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रात, २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात की त्याही पलीकडे? जहाज लष्करी होतं की व्यापारी? अपघात होता, चुकीची ओळख होती की जाणूनबुजून बळ वापरलं? आणि त्या दोन देशांत आधीपासून कोणतं ओझं साचलेलं होतं? जपानमध्ये अमेरिकी सैन्याशी संबंधित कोणतीही घटना घडली की १९९५ मध्ये ओकिनावात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या बलात्काराची जखम उघडी पडते. नवं प्रकरण कधीच कोऱ्या पाटीवर लिहिलं जात नाही.

मी मुख्यतः एकाच घटनेच्या आधारे समजावतो, कारण तिच्यात सगळे टप्पे स्वच्छ दिसतात. ९ फेब्रुवारी २००१ रोजी दुपारी हवाईतल्या ओआहू बेटाच्या दक्षिणेला सुमारे ९ सागरी मैलांवर अमेरिकेची अणुपाणबुडी ग्रीनव्हिल झटक्यात वर येण्याचं प्रात्यक्षिक करत होती. बॅलास्ट टाक्यांत, म्हणजे पाणी भरून पाणबुडी जड करणाऱ्या टाक्यांत, उच्च दाबाची हवा सोडली की पाणबुडी बुचासारखी उसळते आणि एकदा उसळली की तिला मध्ये थांबवता येत नाही. पाणबुडीवर १६ पाहुणे होते, सगळे नागरिक. ती उसळली ती थेट एहिमे मारू या जपानी जहाजाच्या तळाला खालून फाडत. एहिमे मारू हे जपानच्या एहिमे प्रांतातल्या उवाजिमा मत्स्यविद्यालयाचं ४९९ टनी प्रशिक्षण जहाज. वर ३५ जण होते: २० कर्मचारी, १३ विद्यार्थी, २ शिक्षक. काही मिनिटांत जहाज बुडालं. २६ वाचले, ९ गेले. त्यांत चार विद्यार्थी होते.

आता कायदा, कारण शिक्षा का होत नाही याचं उत्तर तिथे आहे. १९२६ मध्ये लोटस हे फ्रेंच जहाज आणि बोझ-कुर्त हे तुर्की जहाज यांची टक्कर झाली, आठ तुर्की माणसं बुडाली. तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालवला. १९२७ मध्ये तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, मतं समसमान पडल्यावर अध्यक्षांच्या निर्णायक मताने, तुर्कस्तानला तो अधिकार आहे असं म्हटलं. सागरी व्यवसायातले लोक या निकालाने हादरले, कारण मग कुठल्याही बंदरात कुठल्याही कप्तानाला अटक होऊ शकली असती. म्हणून १९५२ च्या ब्रसेल्स कराराने आणि पुढे १९८२ च्या समुद्र कायदा कराराच्या कलम ९७ ने हे उलटवलं. खुल्या समुद्रात टक्कर किंवा नौकानयनातली दुर्घटना झाली, तर कप्तानावर फौजदारी कारवाई फक्त दोघं करू शकतात: जहाज ज्याचा ध्वज लावतं तो देश, किंवा तो कप्तान ज्या देशाचा नागरिक आहे तो देश. ज्यांची माणसं मेली त्या देशाचं नाव या यादीत नाही.

युद्धनौकेचं प्रकरण याहून घट्ट असतं. तिला संपूर्ण सार्वभौम संरक्षण असतं. दुसऱ्या देशाचे पोलीस तिच्यावर चढू शकत नाहीत, तिच्या नोंदवह्या जप्त करू शकत नाहीत. एहिमे मारूच्या बाबतीत तर घटनाही अमेरिकेच्याच प्रादेशिक समुद्रात घडली होती. म्हणजे जपानकडे व्यवहारात वापरता येईल असा फौजदारी अधिकार नव्हता. जपानी सरकारने नऊ जणांसाठी खटल्याचा आग्रह का धरला नाही, असं लोक विचारतात. धरायला जागाच नव्हती. अशा वेळी पीडित देश एवढंच म्हणू शकतो की तुमच्या माणसाची चौकशी तुम्हीच करा, पण आमच्या डोळ्यांसमोर करा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

पहिली गोष्ट माहिती, आणि तीही पहिल्या काही तासांतली. इथे जुनं उदाहरण फार बोलकं आहे. ९ एप्रिल १९८१ रोजी पूर्व चीन समुद्रात अमेरिकेची जॉर्ज वॉशिंग्टन ही क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी निस्शो मारू या जपानी मालवाहू जहाजाला धडकली. जहाज बुडालं, दोन जण गेले. पाणबुडी बचावासाठी थांबली नाही आणि अमेरिकेने जपान सरकारला कळवायला एक दिवसाहून अधिक वेळ लावला. वाचलेल्यांना जपानी नौदलाच्या जहाजांनी उचललं. पंतप्रधान सुझुकी पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनला जाणार होते. टोकियोत राग उसळला तो धडकेपेक्षा त्या मौनाबद्दल. धडक हा अपघात असतो, पण न कळवणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. लोक हा फरक बरोबर ओळखतात.

वीस वर्षांनी अमेरिकेने ती चूक टाळली. राष्ट्राध्यक्षांपासून राजदूतापर्यंत सगळ्यांनी काही दिवसांत माफी मागितली. पण माहितीच्या बाबतीत दुसरी चूक केली. आदळण्याच्या क्षणी पाणबुडीच्या नियंत्रणांवर दोन पाहुणे बसलेले होते, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. हे पहिल्या निवेदनात सांगितलंच नाही. काही दिवसांनी बातम्यांतून ते बाहेर आलं, मग नौदलाने मान्य केलं, मग पाहुण्यांची नावं द्यायला आढेवेढे घेतले. पुढच्या चौकशीत निघालं की त्या दोघांच्या हातांमुळे धडक झाली नव्हती, कारण दुसरीकडेच होतं. पण तोवर उपयोग नव्हता. माहिती थेंबाथेंबाने गळली की प्रत्येक थेंब कबुलीजबाबासारखा दिसतो. म्हणून राजनैतिक कामातला साधा नियम आहे: स्वतःला अडचणीत आणणारी जी गोष्ट आठवडाभरात बाहेर येणारच आहे, ती पहिल्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगायची.

पहिल्या चोवीस तासांत प्रत्यक्ष टेबलावर काय असतं, हे जवळून सांगतो, कारण याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे नावांची यादी. जहाजमालकाकडची कर्मचारी यादी, बंदर सोडताना दिलेली यादी आणि वाचलेल्यांनी सांगितलेली नावं, या तिन्ही जुळवाव्या लागतात. लिप्या वेगळ्या असतात, एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं, कोणीतरी आदल्या बंदरात उतरलेलं असतं. आकडा एकाने चुकला तरी एका घरात खोटी आशा नाहीतर खोटं सुतक. म्हणून दोन्ही देशांचा प्रत्येकी एकच अधिकारी ती यादी हाताळतो. यादीत तीनच रकाने असतात: सापडले, रुग्णालयात, बेपत्ता. ‘मृत’ हा रकाना मृतदेह ओळखला गेल्यावर किंवा शोध अधिकृतपणे थांबल्यावरच उघडतो. बातमी माध्यमांत जाण्याआधी घरी कळली पाहिजे, आणि ती त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने सांगितली पाहिजे. प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेला संपर्क अधिकारी द्यायचा आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे पुरावा. मोठ्या व्यापारी जहाजांवर प्रवासाची नोंद ठेवणारं यंत्र असतं, विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखं. जुन्या यंत्रांत फक्त शेवटचे १२ तास राहत, २०१४ नंतर बसवलेल्यांत संरक्षित डबीमध्ये ४८ तास राहतात. त्यावर नवी नोंद चढण्याआधी कुणीतरी बटण दाबून ती जतन करावी लागते आणि धांदलीत हेच विसरलं जातं. त्यात मालवाहू जहाजांवर ही सक्ती ३,००० टनांपासून पुढे आहे. मासेमारीच्या लहान जहाजांवर असं काहीच नसतं. परिणाम असा होतो की जवळजवळ सगळा पुरावा आरोप ज्यांच्यावर आहे त्या युद्धनौकेच्याच ताब्यात असतो: सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी, पेरिस्कोपच्या वेळा, संभाषणं. ही असमानता पीडित देशाच्या अधिकाऱ्यांना पहिल्या तासापासून बोचत असते. म्हणून शहाणा मित्र काय करतो? जे काही मोहोरबंद केलं त्याची यादी लगेच दुसऱ्या देशाला देतो. मजकूर नाही दिला तरी चालतो, पण यादी दिली की ‘हे नष्ट होणार नाही’ एवढी हमी मिळते.

आता शब्द. सरकारं माफी मागायला का कचरतात, या तुमच्या प्रश्नाला दोन थर आहेत. वकील सांगतात की ‘माफी’ म्हणालात तर दायित्व कबूल केल्यासारखं होईल. दुसरा थर लष्कराचा: कप्तानाची चौकशी अजून व्हायची आहे, वरिष्ठांनी आधीच दोष मान्य केला तर त्याला न्याय मिळणार नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यावरचा उपाय शब्द पातळ करणं हा नाही. मराठीतही खेद वाटणं, दिलगिरी व्यक्त करणं आणि माफी मागणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. शेजाऱ्याचं मूल तुमच्या गाडीखाली आलं आणि तुम्ही ‘घडलेल्या प्रकाराबद्दल खेद आहे’ म्हणालात तर काय होईल, ते सांगायला नको. ग्रीनव्हिलचे कप्तान स्कॉट वॉडल यांनी सुरुवातीला वकिलामार्फत मनःपूर्वक खेद व्यक्त केला. जपानी कुटुंबांनी तो माफी म्हणून स्वीकारलाच नाही. पुढे चौकशीच्या काळात त्यांनी कुटुंबांसमोर प्रत्यक्ष उभं राहून माफी मागितली तेव्हा हवा थोडी बदलली. डिसेंबर २००२ मध्ये, नौदल सोडल्यानंतर, ते स्वतः उवाजिमाला गेले.

मसुदा कसा करायचा? वाईट निवेदन ओळखायची खूण म्हणजे त्यातला कर्ता हरवलेला असतो. ‘दुर्दैवी घटना घडली, ज्यात जीवितहानी झाली’ या वाक्यात कुणीच काही केलेलं नाही, समुद्रानेच सगळं केलं. चांगल्या निवेदनाचं पहिलं वाक्य गेलेल्यांबद्दल असतं, दुसऱ्यात कर्ता असतो: ‘आमची पाणबुडी त्यांच्या जहाजाला धडकली.’ तिसऱ्यात माफी. चौथ्यात पुढची ठोस कृती आणि तिची तारीख. ‘का’ घडलं यावर एक अक्षरही नाही, कारण ते चौकशीचं काम आहे. धडक झाली हे मान्य करणं आणि कप्तान दोषी आहे असं म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलांची हरकत या फरकाने बहुतांशी सुटते. मजकूर दोन्ही भाषांत एकाच वेळी, शेजारी शेजारी बसून लिहायचा. भाषांतर नंतर करू म्हटलं की घात होतो. त्याच २००१ साली एप्रिलमध्ये चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमानाची टक्कर झाली, तेव्हा अमेरिकेच्या पत्रातले ‘फार वाईट वाटतं’ या अर्थाचे शब्द चीनने आपल्या भाषेत क्षमायाचनेच्या जवळ नेऊन छापले. तिथे ती संदिग्धता दोघांनाही हवी होती. मित्रांमध्ये अशी संदिग्धता पुढे अंगावर येते.

माफी कोण मागतो, यालाही वजन असतं. अमेरिकेने फेब्रुवारीच्या शेवटी नौदलाचे उपप्रमुख ॲडमिरल विल्यम फॅलन यांना विशेष दूत म्हणून, राष्ट्राध्यक्षांचं पत्र देऊन जपानला पाठवलं. त्यांनी कुटुंबांना भेटून वाकून माफी मागितली. चार ताऱ्यांचा अधिकारी, गणवेशात, कमरेत वाकलेला. ज्या दलाने चूक केली त्याच दलाचा जवळजवळ सर्वोच्च माणूस. परराष्ट्र खात्याचा कितीही मोठा अधिकारी पाठवला असता तरी हे साधलं नसतं. याउलट २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षकांच्या गोळीबारात तैवानचा एक मच्छीमार मेला तेव्हा पहिली माफी तैवानने नाकारली. त्यात मृत्यूला अनपेक्षित म्हटलं होतं, आणि माफी कोणाच्या वतीने आहे हेही तैवानला पुरेसं वाटलं नाही. तैवानने फिलिपिनो कामगारांची भरती थांबवली. ऑगस्टमध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांचा व्यक्तिगत प्रतिनिधी मृताच्या घरी गेला तेव्हा निर्बंध उठले.

पीडित देशाचं सरकारही चुकतं, हे लोक विसरतात. एहिमे मारू बुडाल्याची बातमी पंतप्रधान योशिरो मोरी यांना गोल्फच्या मैदानावर कळली आणि त्यांनी खेळ लगेच थांबवला नाही. आधीच घसरलेली त्यांची लोकप्रियता त्यानंतर सावरली नाही, एप्रिलमध्ये ते पायउतार झाले. अशा घटनेतला राग दोन्ही सरकारांकडे वाहतो. स्वतःचं सरकार मित्रदेशासमोर मवाळ आहे असं दिसलं की तो राग आधी घरातच फुटतो, आणि मग घाबरलेलं सरकार मित्रावर गरजेपेक्षा जास्त ओरडू लागतं. तुम्हाला नाटक दिसतं ते बहुधा इथे.

मृतदेह हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. धोरणांवरच्या चर्चेत तो एका ओळीत आटपतात, पण संबंध सुधारले ते इथेच. नऊही जण बेपत्ता होते. अमेरिकी तटरक्षक दलाने २ मार्चला शोध थांबवला. जहाज सुमारे ६०० मीटर खोल पाण्यात बसलेलं होतं. कुटुंबांची मागणी एकच होती: जहाज वर काढा, आमची माणसं आत आहेत. तांत्रिक सल्ला काय असेल याची कल्पना करा: इतक्या खोलीवरून, इतकं जड, तळाला फाटलेलं जहाज उचलणं जोखमीचं, खर्चिक, आणि आत कोणी सापडेल याची खात्री नाही. तरीही अमेरिकेने हो म्हटलं. अख्खं जहाज पृष्ठभागावर आणायचा हट्ट सोडून मधला मार्ग काढला. रॉकवॉटर २ या जहाजाने ते समुद्रतळापासून उचललं आणि पाण्याखालीच लटकवत होनोलुलूजवळ सुमारे ३५ मीटर खोलीवर आणून ठेवलं. तिथे माणसं बुडी मारू शकतात. उन्हाळ्यात व्हायचं काम पट्टे अडकवताना आलेल्या अडचणींमुळे ऑक्टोबरवर गेलं. डिझेल सांडू नये म्हणून वेगळी तयारी करावी लागली. एकूण खर्च सुमारे ६ कोटी डॉलर, म्हणजे कुटुंबांना आणि प्रांताला मिळालेल्या एकूण भरपाईच्या दुपटीहून जास्त.

बुडी मारणारे अमेरिकी जवान आत शिरले, नंतर शेवटचा शोध जपानी नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांनी घेतला. हा क्रम महत्त्वाचा होता. ‘आता आत कोणी नाही’ हे वाक्य कुटुंबांना त्यांच्याच देशाच्या माणसाकडून ऐकायला मिळालं. नऊपैकी आठ जण सापडले. एक विद्यार्थी कधीच सापडला नाही. त्यानंतर जहाज खोल समुद्रात नेऊन विसर्जित केलं. असा निर्णय घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम आहे: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर घ्यावा, आणि पहिल्या महिन्यातच जाहीर करावा. रकमेवरून घासाघीस सुरू झाल्यावर केलेली तीच कृती सौद्यासारखी दिसते.

आता मघाचं वाक्य: आमच्या डोळ्यांसमोर चौकशी करा. अमेरिकी नौदलाने मार्च २००१ मध्ये पर्ल हार्बरला तीन ॲडमिरलांचं चौकशी न्यायालय बसवलं. सुनावणी खुली होती, कुटुंबीय समोर बसून ऐकत होते, आणि जपानी सागरी स्वसंरक्षण दलाचे रिअर ॲडमिरल इसामू ओझावा सल्लागार म्हणून न्यायालयासोबत बसले. त्यांना मत नव्हतं, पण प्रश्न विचारता येत होते. अमेरिकी लष्करी परंपरेत हे विरळा आहे. तिथे जे उघड झालं ते लाजिरवाणं होतं. दिवसाचं वेळापत्रक मागे पडलं होतं. पेरिस्कोपमधून पाहणी नियमातल्या वेळेपेक्षा बरीच कमी वेळ झाली. हवेत धुरकटपणा होता आणि जहाज पांढरं. सोनारची माहिती वर दाखवणारा एक पडदा बंद होता. अंतराचं गणित करणाऱ्या तंत्रज्ञाकडे जहाज जवळ असल्याची आकडेवारी आली होती, पण पाहुण्यांच्या गर्दीत त्याने ती पुढे सांगितली नाही. यातलं प्रत्येक वाक्य कुटुंबांनी दुभाष्यामार्फत स्वतः ऐकलं. सत्य कडू होतं, पण अफवेला जागा उरली नाही.

याच्या शेजारी १९६७ चं लिबर्टी प्रकरण ठेवा. ८ जूनला इस्रायली विमानं आणि टॉर्पेडो बोटींनी अमेरिकेच्या टेहळणी जहाजावर हल्ला केला. ३४ मेले, १७१ जखमी झाले. इस्रायलने चुकीची ओळख म्हणून लगेच माफी मागितली. मृतांच्या कुटुंबांसाठी १९६८ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलर, जखमींसाठी १९६९ मध्ये सुमारे ३६ लाख आणि जहाजाच्या नुकसानीपोटी १९८० मध्ये ६० लाख दिले. दोन सरकारांमधला विषय मिटला. पण अमेरिकी नौदलाची चौकशी आठवड्याभरात, बंद दाराआड उरकली होती, त्यामुळे वाचलेले खलाशी आणि त्यांची कुटुंबं अजूनही ती मानत नाहीत. संबंध टिकले का आणि प्रकरण मिटलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही म्हणता तसं दडपलं गेल्याची भावना उरते ती दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असतं तिथे.

शिक्षेबाबत एहिमे मारूची कुटुंबंही समाधानी नव्हती. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल थॉमस फार्गो यांनी लष्करी खटला न भरता वॉडल यांना शिस्तभंगाची शिक्षा दिली: लेखी ठपका, दोन महिने अर्ध्या पगाराची कपात आणि तीही स्थगित. वॉडल निवृत्तिवेतनासह बाहेर पडले. कारण असं दिलं गेलं की हेतू किंवा गुन्हेगारी बेपर्वाई नव्हती. मला यातलं कायद्याचं गणित पटतं, पण ते कुटुंबांना आधी समजावून सांगायला हवं होतं. निकालाच्या दिवशी बातम्यांतून कळलेली हलकी शिक्षा अपमानासारखी लागते.

पैशाबद्दल थोडक्यात. ही रक्कम बहुधा ‘सानुग्रह’ म्हणून, दायित्व न स्वीकारता दिली जाते. जहाज आणि माणसं यांचे दावे वेगळे चालवायचे. एहिमे प्रांताशी एप्रिल २००२ मध्ये सुमारे १.१५ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ३५ पैकी ३३ कुटुंबांशी नोव्हेंबरमध्ये १.३९ कोटींवर, आणि उरलेल्या दोन कुटुंबांशी जानेवारी २००३ मध्ये २६ लाखांवर. या दोन कुटुंबांना घाई हवी नव्हती, त्यांना उत्तरं हवी होती. अशा कुटुंबांवर कुठल्याही सरकारने दबाव आणू नये, स्वतःच्याही नाही. वाचलेल्यांचाही दावा असतो, हे विसरू नका: डोळ्यांसमोर वर्गमित्र बुडालेल्या मुलांचे उपचार वर्षानुवर्षं चालतात.

प्रकरण खरोखर बिघडतं कधी? एक, बळ जाणूनबुजून वापरलं असेल तेव्हा. ३१ मे २०१० रोजी इस्रायली कमांडोंनी गाझाकडे निघालेल्या मावी मारमारा या तुर्की संस्थेच्या मदत-जहाजावर चढाई केली, नऊ जण मेले, दहावा २०१४ मध्ये दगावला. तुर्कस्तान आणि इस्रायल तोवर जवळचे लष्करी भागीदार होते. तुर्कस्तानने माफी, भरपाई आणि गाझाची नाकेबंदी उठवणं या तीन अटी एकत्र बांधल्या. २०१३ मध्ये नेतान्याहूंनी ओबामांच्या उपस्थितीत फोनवर माफी मागितली तरी करार व्हायला २०१६ उजाडलं. दोन कोटी डॉलर ठरले आणि तुर्की न्यायालयातला खटला बंद झाला. मृतांबद्दलच्या मागण्यांना मोठं राजकीय धोरण जोडलं की मृतांचा न्याय त्या धोरणाच्या दावणीला बांधला जातो.

दुसरं, देशांतर्गत न्यायालयात अडकलं तर. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार गेले. भारत-इटलीत लष्करी युती नव्हती, पण शत्रुत्वही नव्हतं. मतदानासाठी घरी सोडलेले नौसैनिक परत पाठवणार नाही, असं इटलीने मार्च २०१३ मध्ये जाहीर केलं, सर्वोच्च न्यायालयाने इटलीच्या राजदूताला देश सोडण्यास मनाई केली, नौसैनिक परतले आणि इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामा दिला. २०२० मध्ये लवादाने सांगितलं की गोळीबार ही कलम ९७ मधली नौकानयनाची दुर्घटना नव्हे, पण नौसैनिकांना सरकारी कामामुळे संरक्षण आहे आणि इटलीने भरपाई द्यावी. २०२१ मध्ये १० कोटी रुपयांवर प्रकरण बंद झालं. नऊ वर्षं. एहिमे मारूला दोन पुरली, कारण तिथे अधिकारक्षेत्रावर वादच नव्हता आणि सगळी ताकद उरलेल्या गोष्टींवर लागली.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की राजदूताला बोलावून घेतलं का, याकडे फार लक्ष देऊ नका. तो पहिल्या दिवसाचा ठरलेला विधी आहे. पहिल्या निवेदनात कर्ता आहे का ते पाहा. चौकशीच्या खोलीत दुसऱ्या देशाचा माणूस बसलाय का ते पाहा. शोध कोणी थांबवला, आणि थांबवण्याआधी कुटुंबांना विचारलं का ते पाहा. आणि पाच वर्षांनी त्या तारखेला तिथे कोण येतं, तेही पाहा. होनोलुलूच्या काकाआको किनाऱ्यावर एहिमे मारूचं स्मारक आहे, नऊ जणांसाठी काळ्या ग्रॅनाइटचे नऊ ठोकळे. ते घटनेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी उघडलं, तोवर भरपाईच्या एकाही करारावर सही झालेली नव्हती.